नाशिक – डहाणू, मार्गे जव्हार

सव्वासहाला जुन्या सीबीएसवरून सुटते.
पाटी भोये लावतो, नेहमी वाकडी,
डहाणूतला ‘णू’ वायपरमागे झाकलेला.
डिकीत द्राक्षांचे चार खोके, कुणाची तरी सायकल,
आणि शेवटच्या बाकाखाली हिरूबाई पागधरेच्या टोपल्या.
बुधवारच्या बाजारात ती सोडे-बोंबील विकते,
गुरुवारी परत निघते.
टोपल्या रिकाम्या, वास भरलेला.
एक गृहस्थ म्हणाले, मॅडम, ह्या वासाचं काहीतरी करा.
म्हटलं, साहेब, वासाला तिकीट नाही,
त्याला उतरवता येत नाही.

त्र्यंबकला अर्धी गाडी रिकामी होते.
इथून गोदावरी निघाली ती समुद्राला पाठ करून.
जवळचा टाकला,
निम्मा देश तुडवत लांबचा गाठला.
नदीला कोण विचारणार.
पलीकडच्या अंगाने वैतरणा मात्र सरळ उताराला लागते.
आमची गाडी वैतरणेच्या वळणाची.

तोरंगणच्या घाटात गप्पा आपोआप थांबतात,
कानाला दडे बसतात.
खिडकीवाले फोटो काढतात, दरी मागे सरकते.
मी सुट्टे लावत असते.
घाट मला नाण्यांच्या आवाजात पाठ आहे:
मोठ्या वळणाला दोनची नाणी पाचांवर घसरतात,
मग पुन्हा जागेवर, मग भोयेचा खोकला,
मग सपाटी.

मोखाड्याच्या अलीकडे भोयेची बायको डबा घेऊन उभी असते.
गाडी थांबत नाही, थांबायचा नुसता विचार करते.
भरलेला डबा आत, कालचा रिकामा बाहेर.
अकरा वर्षांत त्यांचं एकच बोलणं मी ऐकलंय:
‘तेल कमी घातलंय.’

जव्हारला माझा स्वेटर उतरतो.
विक्रमगडनंतर मशीनमधून तिकीट निघतं
ते कडेला वळायला लागतं, ओलसर,
बोटाला चिकटतं.
कासा गेलं की दांडीला हात लावला तर गंज हाताला.
इतकाच माझा समुद्र.

कारण डहाणूला मिळतात पस्तीस मिनिटं.
वेबिल, नोंद, उसळपाव, बाथरूमची रांग.
तेवढ्यात भोये हॉर्न देतो.
मुलाने शाळेत सांगून ठेवलंय,
आमची आई रोज समुद्रावर जाते.
मी खोडून काढलं नाही.

परवा क्लच गेला.
डेपोचा मेकॅनिक म्हणाला, दोन तास तरी.
हिरूबाई म्हणाली, चल.
पैशाची बॅग जमा केली, तिच्या मागून रिक्षात बसले,
केस सारखे केले, कशासाठी कोण जाणे.
सुरूची झाडं ओलांडली आणि बघते तर
समुद्र नव्हताच.
चिखल, लांबच्या लांब.
होड्या कुशीवर झोपलेल्या,
एक कुत्रं खेकड्यामागे,
आणि पार टोकाला पांढरी रेघ,
दुसऱ्याच्या वहीतल्या समासासारखी.

हिरूबाई पोट धरून हसली.
‘ओहोटी गं. त्याची पण फेरी असते.
आज भरला त्या वेळेला उद्या भरत नाही,
पाऊण तास मागे.’
म्हटलं, रोज लेट? आमच्यात मेमो देतात.

तिने चिखलातून एक शंख उचलला,
पदराला पुसून माझ्या हातावर ठेवला.

रात्री मुलाने तो कानाला लावला,
डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.
म्हणाला, आई,
ह्यात तर तुझी गाडीच चालू आहे.

भोयेला सांगितलं तर म्हणाला, कुठल्या गिअरमध्ये?

काल हिरूबाईने भरतीच्या वेळा सांगितल्या,
मी त्या जुन्या वेबिलाच्या पाठीवर लिहून घेतल्या.
पुढच्या शुक्रवारी पाणी काठाला लागतं एक वीसला.
आम्ही पोचतो एकला,
सुटतो एक पस्तीसला.
रिक्षा जाऊन येऊन वीस मिनिटं.
उसळपाव सोडला तर जमतं.

तिकीट, तिकीट.
मागचे जरा सरका.
दोन टोले.